घाटरस्त्यावर पानांचे रंग टिपताना

कोकणातल्या घाटात रंगीत पानांचे फोटो काढायला बरेच जण ऑक्टोबरात निघतात, कारण इंटरनेटवरचे लाल-पिवळे डोंगर ऑक्टोबरातले असतात. ते डोंगर थंड प्रदेशातले. आपल्याकडे त्या महिन्यात घाट हिरवाच असतो, फार तर उघड्यावरचं गवत पिकायला लागलेलं असतं. कोकणातले रंग नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत टप्प्याटप्प्याने येतात, आणि त्यातला सगळ्यात गडद लाल रंग गळणाऱ्या पानांचा नसून नव्या पालवीचा असतो. त्याचं वेळापत्रक हुकलं तर महागातला कॅमेरा काही करू शकत नाही.

वेळापत्रक जमलं की दोन प्रश्न उरतात: गाडी कुठे उभी राहील, आणि त्या उतारावर ऊन किती वाजता येईल. घाटातल्या फोटोचं बरंचसं काम या दोन उत्तरांतच होऊन जातं.

कोणतं झाड केव्हा

नोव्हेंबर-डिसेंबर हा किंजळाचा काळ. किंजळ पावसाळा सरताना फुलतो, मग त्याला पंख असलेली बारीक फळं झुपक्यांनी धरतात. ती तांबूस-गुलाबी होत विटकरी रंगावर येतात आणि झाडाचा अख्खा माथा गंजल्यासारखा लाल दिसतो. लांबून पाहणाऱ्याला पानंच लाल झाली असं वाटतं. म्हणून किंजळ दुरून घ्यावा, समोरच्या डोंगरावरच्या हिरव्या झाडीत उठून दिसणारे त्याचे माथे मोजून फ्रेममध्ये बसवावेत. जवळ जाल तर फोटो फळांचा होतो, रानाचा राहत नाही. याच दिवसांत सड्यावरचं (उघड्या कातळपठारावरचं) आणि उघड्या उतारांवरचं गवत सोनेरी होतं. किंजळाचा विटकरी आणि गवताचा पिवळा एका चौकटीत आला तर त्या हंगामातला सर्वांत चांगला फोटो तिथेच मिळतो.

जानेवारीत खरी पानगळ सुरू होते. धावड्याची पानं गळण्याआधी तांबडी पडतात, नाणा आणि बोंडारा पिवळसर-तांबूस होतात, सागाची मोठी पानं वाळून रस्त्याच्या कडेला साचतात. ऐन जरा उशिरा, फेब्रुवारीकडे उघडा पडतो. काटेसावरीची पानं झडून बिनपानाच्या फांद्यांवर लाल फुलं येतात, पाठोपाठ पांगारा फुलतो. घाट बांधताना तोडलेल्या कड्यांवर धायटीची झुडपं लाल फुलांनी भरतात. ती डोळ्यांच्या उंचीला असतात, त्यामुळे फोनवाल्यांनाही सोयीची. किनाऱ्यालगतच्या गावांत देशी बदामाची पानं याच सुमाराला एकेक करून शेंदरी-लाल होतात, त्यासाठी घाट चढायचीही गरज नाही.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च, म्हणजे शिमग्याच्या आगेमागे, कोशिंबाची पालवी येते. काही लोक त्याला कुसुम म्हणतात. पूर्ण झाड काही दिवस लालभडक असतं, मग तांब्याच्या रंगावर येतं, मग पोपटी, आणि शेवटी साधं हिरवं. पायर आणि पिंपळाची पालवीही याच सुमाराची, पण ती जास्त गुलाबी-तांबूस. आंब्याची कोवळी पालवी तपकिरी-जांभळट असते आणि तिचे दिवस बागेबागेत वेगळे असतात.

कोशिंबाची पालवी लाल दिसते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. पानात हरितद्रव्य पुरेसं तयार व्हायच्या आधी ते दिसतं. या अवस्थेत पान पातळ आणि लुसलुशीत असतं, त्यातून उजेड आरपार जातो. हा एक गुण फोटोसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे कोशिंब पानांच्या पाठीमागून आलेल्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो आणि समोरून आलेल्या उन्हात निम्माच. पान जून होऊन जाड झालं की हा फरक कमी होतो. सगळी झाडं एकाच दिवशी रंगत नाहीत, एकाच वळणावरची दोन झाडं वेगवेगळ्या टप्प्यावर असू शकतात. त्यामुळे त्या आठवड्यात एकदाच जाण्यापेक्षा चार-पाच दिवसांच्या अंतराने दोनदा जाणं शहाणपणाचं.

एप्रिलमध्ये बरंचसं रान पुन्हा हिरवं झालेलं असतं आणि वणव्यांच्या धुराने दरी पांढुरकी दिसते. तोवर थांबू नये.

कोणता घाट

लाल रंग पानझडीच्या रानात मिळतो, सदाहरित रानात नाही. म्हणून घाटाच्या पायथ्यापासून मधल्या टप्प्यापर्यंत जास्त पाहावं, माथ्याजवळची दाट झाडी बारा महिने हिरवी असते. आंबोली त्या दृष्टीने हिरवागार घाट, पावसाळ्यात तो अप्रतिम, पण पानांच्या रंगासाठी तो पहिली निवड नव्हे. रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावरचा आंबा घाट, चिपळूण-कऱ्हाड मार्गावरचा कुंभार्ली, कणकवलीकडून दाजीपूरला चढणारा फोंडा, वैभववाडीकडून गगनबावड्याला जाणारा करूळ आणि त्याच्या शेजारचा भुईबावडा, राजापूरकडचा अणुस्कुरा, महाड-भोर रस्त्यावरचा वरंधा, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी, माणगावकडून मुळशीला जाणारा ताम्हिणी: यांतल्या कोणत्याही घाटात पायथ्याकडची झाडी पाहण्यासारखी असते. अरुंद आणि कमी वर्दळीचा हवा तर खेड तालुक्यातला रघुवीर घाट किंवा भुईबावडा. वर्दळीच्या घाटात अवजड ट्रक असतात आणि थांबायला जागा शोधावी लागते. दरड, रुंदीकरण किंवा दुरुस्तीमुळे यांतला कोणता ना कोणता घाट अधूनमधून बंद असतो, निघण्याच्या आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात फोन करून विचारावं.

पाहणीची फेरी एसटीने करावी. खिडकी उंचावर असते, चालवायचं काम दुसऱ्याचं, आणि कठड्यापलीकडची दरी दिसते. चढताना एका बाजूला आणि उतरताना दुसऱ्या बाजूला बसून किलोमीटरच्या दगडाचा आकडा, झाडाचं नाव आणि जवळची थांबण्याची जागा एवढं वहीत लिहावं. बऱ्याच वळणांवर मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवावा.

ऊन कुठून येतं

कोकणातून चढणारा घाट हा सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उतार. सूर्य डोंगरामागून उगवतो. नकाशावर सूर्योदय पावणेसातचा दिसला तरी घाटातल्या रस्त्यावर प्रत्यक्ष ऊन यायला तास-दोन तास जास्त लागतात, खोल घळीत त्याहूनही जास्त. पहाटे पाचला उठून सात वाजता घाटात पोचणाऱ्यांची सकाळ निळसर सावलीत जाते. त्या सावलीचाही उपयोग आहे (पुढे येतो), पण पेटलेली पानं हवी असतील तर वेळ वेगळी.

पहिली वेळ सकाळी साधारण साडेआठ ते साडेनऊ, सूर्य डोंगराच्या धारेवर डोकं काढतो तेव्हा. रस्त्यावर उभं राहून चढाकडे, म्हणजे पूर्वेकडे पाहावं. ऊन झाडांच्या मागून येतं, पालवी उजळते आणि मागचा कडा अजून सावलीत काळा असतो. लाल पानामागे काळा कडा ही मांडणी कोशिंबासाठी सगळ्यात जोरदार. ती एखाद्या झाडामागे पंधरा-वीस मिनिटंच टिकते, मग ऊन कड्यावर पसरतं आणि मागचा भाग करडा होतो. त्यामुळे चौकट आधी ठरवून, ट्रायपॉड लावून ऊन यायची वाट पाहावी. ऊन आल्यावर जागा शोधायला लागलात तर ते झाड हातचं गेलं.

दुसरी वेळ दुपारी चारनंतर. आता सूर्य समुद्राकडे. कड्याच्या बाजूला उभं राहून दरीकडे पाहिलं तर दरीकाठची झाडं पाठीमागून उजळतात. उलट, बाहेरच्या वळणावर उभं राहून डोंगराकडे पाहिलं तर सगळा उतार समोरून आलेल्या सोनेरी उन्हात दिसतो, किंजळाला आणि गवताला हे ऊन हवं. मार्चच्या मध्यावर रत्नागिरीच्या आसपास सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो आणि जवळजवळ थेट पश्चिमेला. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमाराला आणि पश्चिमेपासून वीसेक अंश दक्षिणेला सरकून मावळतो. म्हणजे नोव्हेंबरात शेवटचं ऊन नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या वळणांवर जास्त वेळ राहतं, वायव्येकडे तोंड असलेली वळणं आधीच विझतात. मार्चमध्ये वहीत लिहिलेली जागा नोव्हेंबरात तशीच चालेल असं धरू नये.

अकरा ते तीन या वेळात मोठी दृश्यं घेऊ नयेत. माथ्यावरचं ऊन पानांवर पांढरे चट्टे पाडतं, आणि दुपारी समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्याने दरीत धुरकट पडदा तयार होतो. हा वेळ जवळच्या फोटोंना द्यावा: सावलीतली पायरीची पालवी, सागाच्या पानाच्या शिरा, नाण्याची गुळगुळीत फिकी साल. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडू नये. हवेतली धूळ बसलेली असते, पानांवरची लाल माती धुतलेली असते आणि पलीकडचा डोंगर जवळ आल्यासारखा दिसतो.

गाडी आणि माणूस सुरक्षित कुठे

वळणावर गाडी थांबवायची नाही. वळणाच्या अलीकडे-पलीकडेही नाही, जिथून मागून येणाऱ्याला तुमची गाडी दुरून दिसत नाही. मोरीजवळची रुंद जागा, मंदिरासमोरचा मोकळा भाग, रस्ता सरळ केल्यावर उरलेला जुन्या डांबराचा तुकडा, चहाच्या टपरीपुढची जागा: घाटात थांबण्याजोग्या जागा एवढ्याच. चारही चाकं डांबराबाहेर आणि पक्क्या जमिनीवर असावीत. साईडपट्टीचा मुरूम पावसाने पोखरलेला असतो, दरीच्या बाजूला चाक नेण्याआधी उतरून पायाने दाबून पाहावं.

तुमच्या डाव्या हाताला येणारीच थांबण्याची जागा निवडावी, म्हणजे उजवीकडे वळून समोरची वाहनं आडवी कापावी लागत नाहीत. एखादी चांगली जागा उजवीकडे असेल तर पुढे जाऊन, सुरक्षित ठिकाणी वळून, परत येताना थांबावं. हँडब्रेक लावून चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स. पुढची चाकं दरीपासून उलट दिशेला, डोंगराकडे वळवलेली. चाकाखाली दगड लावला तर निघताना तो उचलून कडेला टाकावा. रस्त्यात राहिलेल्या दगडावरून रात्री दुचाकीवाला पडतो.

अरुंद घाटात समोरासमोर आल्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. उतरताना चढताना लागतो तोच गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि पकड जाते. फोटोसाठी दर दोन वळणांना थांबणाऱ्या गाडीला हे जास्त लागू पडतं, कारण चालवणाऱ्याचं लक्ष झाडांकडे असतं. चालवणाऱ्याने चालवावं, झाडं शेजारच्याने पाहावीत.

पायी फिरताना रस्त्याकडे पाठ करून कॅमेऱ्यात डोळा घालू नये. दोघांनी जावं, एकाने फोटो काढावा आणि दुसऱ्याने रस्त्यावर नजर ठेवून ‘गाडी’ एवढंच सांगावं. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट स्वस्त आहे, ते संध्याकाळी घालावंच. कठड्यावर चढू नये. जुन्या कठड्यांचे दगड सुटलेले असतात, आणि कठड्यापलीकडचं वाळलेलं गवत बुटाखाली सरकतं.

झाडाखाली जाण्याआधी वर पाहावं. उंच सावरीवर, कड्याच्या कपारीत आग्या माशांची पोळी असतात. धूर, तीव्र अत्तर आणि डोक्यावर घोंघावणारा ड्रोन यांनी त्या उठतात, आणि अरुंद रस्त्यावर पळायला जागा नसते. थांब्यांवर वानरं असतील तर खायला देऊ नये, कॅमेऱ्याची बॅग उघडी ठेवू नये. फोंडा-दाजीपूर भागात अंधार पडल्यावर रस्त्यावर गवे येतात. उशीर झाला तर गाडी हळू, आणि गवा दिसला तर दिवे मंद करून थांबावं, उतरू नये.

ड्रोन उडवायचा असेल तर सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते आधी पाहावं. अभयारण्यात आणि राखीव वनात वनखात्याची परवानगी वेगळी लागते. कोयना, चांदोली आणि राधानगरीची संरक्षित रानं घाटमाथ्याला लागूनच आहेत, हे विसरू नये.

कॅमेऱ्याची मांडणी

घाटाचं वळण आणि त्यावरची झाडी दाखवायला वाइड लेन्स लागते असा समज आहे. वाइड लेन्सने समोरचं डांबर पसरतं आणि झाडं बारीक होतात. एक-दोन वळणं वर चढून, तिथून खालच्या रस्त्याकडे ७० ते २०० मि.मी.च्या, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने पाहावं. वळणं एकमेकांजवळ येतात, मधली झाडी दाट दिसते, आणि रस्ता रानातून वाट काढत गेलेला कळतो. रस्ता चौकटीच्या कडेला अर्ध्या वळणात कापला जाऊ नये. एकतर तो वळण पूर्ण करून झाडीत शिरू द्यावा, नाहीतर कोपऱ्यातून सरळ आत यावा. विजेच्या तारा आणि चकचकीत लोखंडी कठडा डोळ्याला सवयीने दिसत नाहीत, फोटोत मात्र आधी तेच दिसतात. दोन पावलं सरकून किंवा खाली बसून ते झाडामागे जातात का पाहावं.

सुरुवातीचे आकडे असे (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनक्षमता, सेकंद म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ):

दूरचा उतार, वारा नसताना: एफ ८, आयएसओ १००, १/१२५ सेकंद किंवा ट्रायपॉडवर जे येईल ते.
वाऱ्यात हलणारी पालवी, जवळून: एफ ५.६, १/५०० सेकंद, त्यासाठी आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत वाढवावा.
वळणावर येणारी एसटी ठळक हवी असेल तर: १/५०० सेकंद किंवा जलद.
एफ १६ च्या पुढे जाऊ नये, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरतो त्यामुळे) पानांच्या कडा मऊ पडतात.

लाल पानांत सगळ्यात जास्त बिघडतं ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल उजव्या कडेला आपटलेला असतो, आणि मग कोशिंबाचं झाड म्हणजे बारकावे नसलेला लाल गोळा होतो. पानाच्या शिरा, सुरकुत्या, छटा काहीच उरत नाही, आणि ते नंतर परत आणता येत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम कॅमेऱ्यात चालू करावा, एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवावं, आणि रॉ फाइलच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घ्यावी. झाडाच्या पाठीमागून ऊन येत असताना कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आकाशावर फसतो, तेव्हा स्पॉट मीटरिंगने उजळलेल्या पानांवरच मोजमाप घ्यावं. मागचं आकाश त्यात पांढरं पडणार असेल तर आकाश चौकटीतून काढून टाकावं. पानांसाठी गेलेल्या माणसाला ते नसलं तरी चालतं.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नये. कॅमेरा एवढा लाल पाहून तो ‘दुरुस्त’ करतो आणि पालवी मळकी होते. उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन, सावलीत ६५०० ते ७०००. सकाळच्या निळसर सावलीचा उपयोग इथे आहे: तिथे सावल्या कडक नसतात, त्यामुळे किंजळाचे माथे, धायटी, रस्त्यावरची गळलेली पानं यांचे खरे रंग मिळतात. वाट पाहण्याच्या तासात हे उरकावं.

पोलरायझर फिल्टर हा या कामातला एकमेव फिल्टर ज्याचं काम नंतर संगणकावर करता येत नाही. कोवळ्या पानांवर आणि डांबरावर उन्हाची पांढरी चकाकी असते, ती काढली की खालचा रंग दिसतो. फिल्टर डोळ्याने पाहत हळू फिरवायचा आणि चकाकी बरीचशी जाईल तिथे थांबायचं. सूर्याशी काटकोनात असताना परिणाम जास्त, सूर्य थेट समोर किंवा पाठीमागे असताना जवळजवळ शून्य. त्यामुळे पाठीमागून उजळलेल्या पानांसाठी तो काढून ठेवावा. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. २४ मि.मी.पेक्षा रुंद लेन्सवर आकाश अर्धं गडद अर्धं फिकं होतं. आणि पूर्ण जोरावर फिरवू नये, पानांवर थोडी चकाकी राहिली तर ती ओली, जिवंत वाटतात.

एसटी चौकटीत हवी की नको? लाल एसटी हिरव्या किंवा सोनेरी उतारावर फार सुंदर दिसते, रस्त्याचा आकारही तिच्यामुळे कळतो. लालभडक कोशिंबाशेजारी ती नको. डोळा गाडीकडे जातो आणि झाड मागे पडतं. तिथे पांढरा टेम्पो किंवा मोकळा रस्ता बरा.

फोनवाल्यांनी मुख्य कॅमेरा किंवा त्याची दोन-तीन पटीची लेन्स वापरावी, बोटांनी ताणून झूम करू नये. लाल पानांवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतं, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी. रंग ‘गडद’ करणारा आपोआप मोड बंद करावा, फोन आधीच लाल वाढवून दाखवतो. प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तेच.

संध्याकाळचे दिव्यांचे पट्टे

रंगीत झाडी आणि खालून चढणाऱ्या गाड्यांचे दिवे एका फोटोत हवे असतील तर एकाच लांब एक्स्पोजरमध्ये ते जमत नाही, वाऱ्याने पानं पुसली जातात. ट्रायपॉड एकदाच पक्का लावावा आणि दोन फ्रेम घ्याव्यात. पहिली सूर्य मावळल्यावर लगेच, आकाशात उजेड असताना, पानांसाठी: एफ ८, आयएसओ ४०० ते ८००, वारा थांबल्याच्या क्षणी. दुसरी वीस-पंचवीस मिनिटांनी, दिव्यांसाठी: एफ ११, आयएसओ १००, १५ ते ३० सेकंद. अवजड गाडी वळण चढायला याहून जास्त वेळ घेते, तेव्हा बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडं ठेवणारा) आणि रिमोट. फोकस पहिल्या फ्रेमला लावून मॅन्युअलवर टाकावा, मधे हात लावू नये. दोन्ही नंतर थर करून जोडाव्यात.

ट्रायपॉडचे पाय डांबरावर ठेवू नयेत, ट्रक गेला की रस्ता थरथरतो. कडेच्या घट्ट मातीत रोवावेत, मधल्या दांड्याला बॅग लटकवावी, तीही जमिनीला टेकवून, नाहीतर वाऱ्यात झुलते. ट्रायपॉड आणि माणूस दोघंही कठड्याच्या आतल्या बाजूला, रस्त्याच्या कडेपासून शक्य तितके दूर. तेवढी जागा नसेल तर हा फोटो त्या वळणावर घ्यायचा नाही.

घरी आल्यावर

संपादनात सॅच्युरेशनची पट्टी ओढली की आधीच भरलेला लाल फुटतो. व्हायब्रन्स (फिक्या रंगांना जास्त उठाव देणारी पट्टी) थोडा, आणि लाल रंगाची चमक वेगळी कमी करावी, शिरा परत दिसू लागतात. दरीतला धुरकटपणा डीहेझने दहा-वीस इतकाच काढावा, जास्त काढला की दूरचे डोंगर जवळच्यासारखे काळे होतात आणि खोली जाते. आजूबाजूचा हिरवा पिवळ्याकडे ढकलून सगळं रान थंड प्रदेशातल्यासारखं करणं मात्र टाळावं. लाल कोशिंबाभोवती हिरवं रान असणं हीच कोकणाची खूण, ती पुसली की फोटो कुठलाही होतो. छापायचा असेल तर एसआरजीबी (sRGB) या सर्वसाधारण रंगसंचात रूपांतर करून लाल पुन्हा तपासावा, पडद्यावर दिसणारा काही लाल कागदावर येतच नाही.

मार्चमध्ये घाटातली लाल धूळ लेन्सवर बसते. ती कापडाने घासू नये, त्यात बारीक खडे असतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. लेन्स बदलायची ती काचा बंद केलेल्या गाडीत, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. एसी गाडीतून दमट हवेत कॅमेरा एकदम काढला तर काचेवर बाष्प धरतं, बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग उघडावा. किनाऱ्याला उतरल्यावर फिल्टरवर खारा थर बसतो, तो किंचित ओलसर कापडाने पुसून मग कोरडा करावा. कोकणातल्या दमट घरात चामड्याच्या बॅगेत कॅमेरा ठेवला तर पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे धागे दिसू लागतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवावा, आकडा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान असावा, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत टाकावं.